मुकी शिट्टी

ती संध्याकाळ आपल्याला खरंच आठवते, की गावानं सांगून सांगून ती मनात बसली, हे गुणवंतरावांना आज ऐंशीव्या वर्षी ठामपणे सांगता येत नाही. शिट्टीचा विषय निघाला की मात्र ऊर अजून भरून येतो.

एकोणीसशे सत्तावन्नचा उन्हाळा. एटापल्लीकडच्या जंगलातलं एक लहानसं गाव. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेले गुणवंतराव तिथे हौसेनं शाळामास्तर म्हणून गेले होते. माणसाच्या कानापलीकडेही आवाज असतो, हे नुसतं सांगून कुणाला पटेना, म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं पितळेची बोटभर शिट्टी घडवली. मागचा स्क्रू पिळला की आवाज चढत जाई आणि एका जागी माणसाला ऐकूच येईनासा होई. तिथे ठेवून फुंकली की माणसं ढिम्म, आणि गावातल्या बुधरीचा कुत्रा काळ्या असेल तिथून धावत हजर. गावानं तिला मुकी शिट्टी म्हणायला सुरुवात केली. बाजारात परगावचं कुणी भेटलं की लोक ऐटीत सांगत, "आमच्या गुरुजीची हाक कुत्र्याले समजते, तुमच्या तहसीलदाराले नाई."

बुधरी म्हातारी कानांनी ठार बहिरी होती. नवरा चैतू वारल्यापासून काळ्याच तिचा सोबती. त्या दिवशी ती त्याला घेऊन मोहफुलं वेचायला गेली, ती ऊन उतरलं तरी परतली नाही. मोहाच्या दिवसांत अस्वलंही फुलांवर येतात. तिचा मुलगा लालसू माणसं घेऊन नाल्यापर्यंत शोधून आला. बहिरीला हाका मारून उपयोग नव्हता. शिवाय दिवस बुडाल्यावर जंगलाकडे तोंड करून हाक द्यायची नाही, हा गावाचा दंडक. ज्याला बोलावलं तो येतो, आणि न बोलावलेलाही येतो.

लालसू तडक गुरुजींकडे आला. काळ्या आला तर तोच वाट दाखवील, एवढीच आशा होती.

"वाजवा ना, गुरुजी. तुमची हाक कोनाले ऐकू जात नाई. मंग भेव कायचं?"

गावाच्या शिवेवर सारे जमले. आपल्या हातच्या वस्तूवर एक जीव टांगलेला आहे, या जाणिवेनं गुणवंतरावांना अभिमानही वाटला आणि धास्तीही. त्यांनी फुंकलं. काहीच नाही. मोहाचा आंबूस गोड वास तेवढा वाऱ्यावर आला.

मन खायला लागलं. स्क्रू नेमक्या जागी नसेल, आवाज झाडोऱ्यानं गिळला असेल. त्यांनी स्क्रू पिळला, मग आणखी पिळला, आणि पुन्हा फुंकलं.

रातकिडे एकदम थांबले.

मग पाचोळा वाजू लागला. सावकाश, जड पावलांनी कुणीतरी येत होतं. झुडपांतून बुधरी बाहेर आली. डोक्यावर टोपली तशीच. उजवा हात मात्र अंगापासून जरा दूर, कुणी धरून आणावं तसा. काळ्या तिच्या बराच मागे होता. शेपूट पोटाशी घेऊन तो तिच्या उजव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत गुरगुरत होता.

लालसूनं आईला मिठी मारली आणि खुणेनं विचारलं, कशी आलीस?

"वाट चुकली होती," ती नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली. "मंग ह्यायनं हाक मारली... ऐकू आली मले."

नवऱ्याचं नाव न घेता ती आयुष्यभर 'ह्यायनं' एवढंच म्हणत आली होती.

"गुरुजीनं धाडलं म्हने. बुढीले घरी आन म्हनून." मग तिनं उजवीकडे पाहिलं. "पानी द्या ह्यायले... लय लांबून आले."

लालसूनं तांब्या भरून त्या जागी ठेवला.

पुढे गाव मोठ्या तोऱ्यात सांगू लागलं, आमच्या गुरुजीची हाक पल्याडही पोचते. गुणवंतराव हसून ऐकत, पण स्क्रूला त्यांनी पुन्हा बोट लावलं नाही. बऱ्याच वर्षांनी, नागपूरच्या एका प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं, तेव्हा त्यांनी स्क्रू त्या रात्रीच्याच जागी ठेवून शिट्टीचा आवाज मोजून घेतला. आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा मोजायला लावला. दोन्ही वेळा तेच आलं. त्या जागी तिचा आवाज इतका वर गेलेला होता, की तो कुत्र्याच्याही कानापलीकडचा होता.