बाजाराविना आठवडा

मोहटोल्याच्या बाजारात गुणवंतने पाय घातला तो थेट वच्छलाच्या बोरांच्या ढिगात, आणि तोही नव्याकोऱ्या बुटाचा.

"अवो साहेब, खाली पाहून चाला नं जी!" वच्छला ओरडली. "लोकाइले धान ओळीत लावाले सांगता, अन् सोता बोरांतून वाकडे चालता?"

आजूबाजूच्या बाया फिदीफिदी हसल्या. गुणवंत हा नवा ग्रामसेवक. चांद्याहून आलेला, सायकलवर गावोगाव हिंडून जपानी पद्धतीची धानशेती शिकवणारा. शेतकऱ्यांपुढे तासभर बोलायचा, पण या मुलीपुढे त्याची बोबडीच वळली. तो मुकाट्याने खाली बसला आणि बोरं वेचू लागला. वेचता वेचता एक तोंडात टाकलं.

"ते... पायाखालचं होतं," वच्छला हळूच म्हणाली.

"मंग ते माह्याच वाट्याचं."

तिला हसू आवरेना. घात झाला तो तिथेच!

त्यानंतर दर मंगळवारी साहेबांचं काम नेमकं मोहटोल्यातच निघू लागलं. बोरं संपली, चिंच आली. चिंचेनं त्याचे दात आंबायचे, तरी घ्यायचा. तिनं पदराआडून बघायचं. त्यानं वर पाहिलं की लगेच तराजूकडे वळायचं. आता गावाला काय, डोळे असतातच. गोष्ट लटारूभाऊंच्या, म्हणजे तिच्या बाबांच्या, कानावर गेली.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. "ब्रह्मपुरीचे पाव्हणे होकार मागून राह्यले," ते म्हणाले. "त्या साहेबाच्या मनात असन तर त्यानं आपल्या मोठ्या माणसाले घेऊन घरी यावं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापरेंत थांबतो. पुढं नाई."

वच्छलानं निरोप पोचवला. "तिसऱ्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी. सकाळीच या, तुमच्या मामाले घेऊन."

"येतो."

"नक्की?"

"तुह्यासाठी शेरभर चिंच खाल्ली, वच्छला... आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

मार्च उजाडला. पळस पेटले, मोहफुलं टपटपू लागली. महिन्याच्या दुसऱ्या बाजाराला गुणवंत दिसला नाही. गेला असेल मामाला आणायला, असं तिनं समजून घेतलं आणि गालातल्या गालात हसली. तिसऱ्या बाजाराला पहाटेच उठून तिनं अंगण सारवलं, पोहे भिजवले. बाबा धुवट धोतर नेसून ओट्यावर बसले.

सकाळ गेली, ऊन चढलं. वाटेवर सायकलची घंटी काही वाजली नाही. पोहे तसेच राहिले. बाबा उठले, धोतर बदललं आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या बाजाराले ब्रह्मपुरीचा वारलू येते. त्याच्याजवळ होकार सांगून देतो, बाई."

ती रडली, खूप रडली. मग तिला राग आला, आणि रागानं तिला जरा बरं वाटलं.

पुढच्या मंगळवारी गुणवंत बाजाराच्या कडेला बैलांच्या रांगेपाशी उभा दिसला. दाढी वाढलेली, तोंड उतरलेलं. वच्छला तरातरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आले नाई काऊन?"

"आलो नाई?" तो उसळला. "सकाळभर तुमच्या ओट्यावर बसून होतो आमी, दुपारचा बाजार भराच्या आधी परतलो! दाराले कडी, गावात माणूस नाई. मामा म्हणे, नकार असा बी देतात. अजून बोलत नाई तो माह्याशी. म्हणून मागच्या बाजाराले तोंड दाखवाले आलो नाई."

"कवा आले होते?"

"तू सांगतलं तवाच. तिसऱ्या आठवड्यात, बारा तारखेले."

"बारा तारखेले सकाळी सारं गाव मोहफुलं वेचाले जंगलात होतं. अन् तो दुसरा आठवडा होता जी!"

"दुसरा कसा? एक तारीख शुक्रवारी पडली, तो पहिला आठवडा. रविवारपासून दुसरा. बारा तारीख येते तिसऱ्यात. हापिसातल्या कॅलेंडरात पाह्य, तिसरी ओळ हाय."

"त्या पहिल्या ओळीत बाजार भरला होता?"

"नाई... शुक्रवार-शनिवार दोनच वार होते."

"मंग? बाजारच भरला नाई, तो आठवडा कायचा?"

मोहटोल्याचा हिशोबच तसा होता. मीठ-मिरची बाजाराला, सोयरिकीची बोलणी बाजाराला, भांडणं मिटायची तीही बाजाराला. भिंतीवरच्या ओळी मोजून कुणी आठवडा ठरवत असेल, हे त्या गावाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. दोघं एकदमच हसले. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"मामाले समजावतो मी," तो घाईनं म्हणाला. "पुढच्या आठवड्यात—"

"आठवड्याचं नाव काढू नका! बाबा तिकडं चहाच्या दुकानात वारलूसंग बसले हायेत. आत्ताच चाला."

"पण पोरगा सोता मागणी घालत नाई, वच्छला. मोठं माणूस लागते."

"पोरगा घालत नाई नं? मंग मी घालतो."

आणि ती निघाली. गुणवंत मागून धावला. वारलूच्या हातातला कप ओठांपाशी थांबला होता. होकार सांगायला बाबांनी तोंड उघडलंच होतं.

"बाबा, थांबा," वच्छला म्हणाली. "हे आले होते. आपन जंगलात होतो तवा आले, अन् दाराले कडी पाहून गेले. याइचे आठवडे येगळे, आपले येगळे. बाबा... मले हेच पाहिजे."

लटारूभाऊंनी मुलीकडे पाहिलं, मग त्या दाढी वाढलेल्या साहेबाकडे.

"मी काय सांगू मंग तिकडं?" वारलूनं विचारलं.

"सांग, पोरगी बोलली." बाबा बाकावर थोडे सरकले. "बस रे पोरा. तुह्या मामाची माफी मागाले मी सोता येतो चांद्याले. पण तारीख सांगजो, आठवडा नको."

गुणवंत बसलाच नाही. तो वच्छलाकडे वळला आणि कसाबसा पुटपुटला, "मले बी... तूच..."

"काय जी?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं आणि हसू मात्र लपत नव्हतं. "बाजार हाय हा. जोरानं बोला, ऐकू येत नाई!"

"मले बी तूच पाहिजे!" साहेब असा ओरडला, की पलीकडे रुमालाखाली बोटं धरून बैलांचा भाव ठरवणारे हातातले हात तसेच ठेवून वळून बघू लागले.