दाढ आणि दोन डिस्क

सगळं सुरळीत चाललेलं असतानाच जो संकटाची तयारी करतो, तोच खरा शहाणा! हे महावाक्य कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दर गिऱ्हाइकाला गाल धरून ऐकवी. गाल धरून, कारण त्याची डावी दाढ कित्येक महिने ठणकत होती आणि दातांच्या डॉक्टरकडे जायला तो घाबरत होता.

एका दुपारी दातांची डॉक्टरच दुकानात आली. रिमझिम पावसात, कॉम्प्युटरचा डबा पोटाशी धरून. रेनकोट डब्याला, भिजणं स्वतःला. त्याने गालावरचा हात झटकन काढला.

“पडद्यावरची अक्षरं गळून खाली पडतायत,” ती म्हणाली.

“वय?”

“माझं...?”

“याचं.”

“तीनच वर्षं. या वयात दुधाचे दातसुद्धा पडत नाहीत हो.”

ती हसली, आणि तो दाढ विसरला.

व्हायरस होता. त्याने तो काढला आणि मशीन ठणठणीत झाल्यावर दोन आपत्कालीन फ्लॉपी डिस्क करून दिल्या; पुन्हा असं झालं तर मशीन यांच्यावरून सुरू करा, म्हणाला. एखादी डिस्क कच्ची सोडावी, म्हणजे डॉक्टर परत येईल, असं मनात येऊन गेलं. पण धंद्याचं इमान आडवं आलं. डिस्कवर व्हायरस शिरू नये, काही पुसलं जाऊ नये म्हणून कोपऱ्यातली खिट्टी सरकवताना त्याला वाटलं – आपण आपलंच दार लावून घेतोय.

पंधरवड्याने ती आली. डबा नाही, नुसत्या डिस्क. हरवतील या भीतीने त्यातलं सगळं कॉम्प्युटरमध्येच उतरवलं आणि डिस्क पुसून टाकल्या, असं तिने खालमानेने सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला आणि डिस्क आत सरकवली. सगळं जागच्या जागी. खिट्टीसुद्धा.

“या पुसलेल्या नाहीत.”

ती छताचा पंखा न्याहाळू लागली.

“मग बिघडलंय काय?”

“काहीच नाही ना... तुम्ही इतकं चोख काम केलंत, की इथे यायला कारणच उरलं नाही.”

तो तोंडभर हसला. तेवढ्यात तिला दाढ दिसली. मग लोकांना शहाणपण शिकवणाऱ्या माणसाची तिने अशी काही हजेरी घेतली, की तो खुर्चीत बसल्या बसल्या लहान झाला. ही काढावीच लागेल, ती म्हणाली.

“काढा. पण मग मलाही कारण उरणार नाही... बिनकारणाचं आलेलं चालेल? रोज? जन्मभर?”

ती पुन्हा पंखा न्याहाळू लागली.

“चालेल,” ती हळूच म्हणाली.

त्याचे डोळे भरून आले. त्याने तिचा हात हातात घेतला.

“मग एक करा,” तो म्हणाला, “भूल जरा जास्त द्या.”