अकरा नंबरचं टेबल

"मला काढलं, ओपा. गुप्त ग्राहकानं लिहिलं म्हणे, मी उद्धट आहे."

उझबेकिस्तानातल्या कोकंदच्या बाजारात मुळ्याच्या जुड्या मांडून बसलेली झेबो मान खाली घालून बोलत होती. मुनव्वर-ओपांचा पिशवीतला हात तिथेच थांबला. सगळं गाव त्यांना ओपा, म्हणजे ताई, म्हणायचं; या मुलीला त्यांनी चौथीत गणित शिकवलं होतं. आणि 'अनोर' पुलावघराचा गुप्त ग्राहक गावात एकच होता. त्या स्वतः.

निवृत्तीनंतर हे काम त्यांना चांगलं लाभलं होतं. साधं गिऱ्हाईक बनून जेवायचं, वाढप्यांचं वागणं बघायचं, घरी येऊन एजन्सीला 'सत्तावीस नंबर' या नावानं अहवाल पाठवायचा. आठवड्याला चार जेवणं आणि महिन्याला पेन्शनच्या दीडपट कमाई. अट एकच. ओळख उघड झाली की काम संपलं.

"कधीचा अहवाल?"

"मागच्या मंगळवार संध्याकाळचा. शुक्रवारी आला, त्याच दिवशी काढलं."

त्या मंगळवारी ओपा गेल्या होत्या खऱ्या, पण दुपारी बाराला. झेबोची पाळी संध्याकाळची; ती ओळखेल म्हणून त्या वेळी त्या कधीच जात नसत. दुपारच्या अहवालात दहाऐवजी अकरा नंबरचं टेबल लिहिलं गेलं, हे मात्र पाठवल्यावर लक्षात आलं होतं. जाऊ दे, म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं.

दर शुक्रवारी एजन्सीचा शुहरत ताश्कंदहून 'अनोर'मध्ये अहवाल द्यायला यायचा. ओपांचे अहवालही त्याच्याकडेच जायचे. त्या शुक्रवारी अडीच वाजता ओपा थेट व्यवस्थापक सोबीरच्या खोलीत शिरल्या. शुहरत चहा पीत होता. त्यानं ओळख दाखवली नाही. बाहेर अंगणात आचारी एर्गाश मोठी कढई खसाखसा घासत होता.

"झेबोबद्दलचा अहवाल वाचलात?"

"तुम्ही कोण, ओपा?" सोबीर म्हणाला.

"तिची शिक्षिका. वाचलात का?"

"गुण वाचले. दहापैकी तीन. मालकाला गुणच लागतात."

"आता अक्षरं वाचा. मोठ्यानं."

त्या आवाजापुढे सोबीर चौथीतला झाला. त्यानं कागद काढला. "'संध्याकाळी सात. टेबल अकरा. पुलाव गार. गरम मागितल्यावर झेबो उद्धटपणे...'" तो अडखळला.

ओपा खिडकीशी गेल्या. "एर्गाश, कढई कधी रिकामी झाली?"

"दोनला, ओपा. रोजच्यासारखीच."

"आणि संध्याकाळी काय असतं?"

"नुसते कबाब. पुलाव हवा तर उद्या दुपारी या."

"टेबलं किती, सोबीर?"

"दहा." त्याचा आवाज खाली आला.

"म्हणजे हे लिहिणारा सातला इथे जेवलाच नाही."

शुहरतनं पेला खाली ठेवला. "आमच्या एखाद्या माणसानं घरबसल्या लिहिलं असेल. मी चौकशी करतो."

"कशाला त्रास घेतोस, उका, माझ्या धाकट्या भावा? तुझा सत्तावीस नंबरचा माणूस मीच."

 या एका वाक्यानं आपली कमाई गेली, हे ओपांना कळत होतं. संताप त्याहून मोठा होता.

"त्या मंगळवारी दुपारी मी दहा नंबरवर जेवले आणि चुकून अकरा लिहिलं. ती चूक दोघांनाच ठाऊक. मला, आणि मी अहवाल पाठवला त्या तुला. चाळीस वर्षं वह्या तपासल्यात मी. नक्कल करणारा शेजाऱ्याची चूकही इमानानं उतरवतो. तू वेळ बदललीस, गरमचं गार केलंस, ताटातला पुलाव बदलायला विसरलास."

शुहरत कपाळ पुसत म्हणाला, "मालक तपासणीच्या दुपारच्या आणि संध्याकाळच्या, दोन्ही फेऱ्यांचे पैसे देतो. संध्याकाळी कुणाला न पाठवता ते मी ठेवत होतो. पण सगळंच छान लिहिलं तर तो म्हणेल, तुमची गरजच काय? अधूनमधून एक दोष लागतो."

"झेबोच का?"

"पाळीच्या यादीत पहिलं नाव होतं."

 हजेरी घेताना ओपांनी हेच नाव रोज किती मायेनं उच्चारलं होतं.

"ओपा, बसा," सोबीर चाचरत म्हणाला. "याचं मी बघतो. तुमच्यासाठी पुलाव..."

"कढई धुऊन झाली, सोबीर. चार ओळी वाचल्या असत्यात तर हे तुम्हालाच कळलं असतं. झेबोला फोन लावा. आधी माफी, मग कामाचं बोला."

सोबीरनं फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. ओपा बसल्या नाहीत.