टर्कीच्या हाडांचा गम्बो

"अहो, थांबा... ती हाडं टाकताय की काय?"

कॉरिन दचकली. हातात टर्कीचा सापळा, अंगावर भुरभुर पाऊस, आणि कुंपणापलीकडे शेजारचा आर्लन. लुइझियानातल्या या गावात ती ऑगस्टमध्ये शाळेवर शिकवायला आली, तेव्हापासून या कोळंबीवाल्याशी तिची ओळख मान हलवण्यापुरतीच.

"मग काय, फ्रेम करून लावू?"

"आमच्याकडे आभाराच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी कुणी हाडं टाकली, तर आज्या बोलणं टाकतात."

"टाकू देत. एकटीसाठी अख्खी टर्की भाजली, तेव्हाच माझी अक्कल चरायला गेली होती. काल रात्री सँडविच, आज सकाळी सँडविच..."

"अरेरे. गम्बो करू या, आमच्याकडचा दाट रस्सा. फाटक उघडता?"

हसताना तो खाली बघायचा. हे आपण कशाला टिपतोय, असं मनाशी म्हणत तिनं फाटक उघडलं.

तिच्या स्वयंपाकघरात एका शेगडीवर हाडं उकळायला पडली. दुसऱ्या शेगडीवर तेलात मैदा घालून त्यानं लाकडी चमचा तिच्या हाती दिला. "ढवळत राहा. मध्येच सोडलंत की करपलंच."

"करपलं तर?"

"तर... पहिल्यापासून." त्याचे कान लाल झाले होते.

मैदा बदामी झाला. तो कांदा, ढोबळी मिरची चिरत बसला. "उरलेलं मांस उद्या भातात. परवा पेस्ट्रीत भरून..."

"परवाचं सोडा. मी इथं राहते की नाही, तेच आज ठरायचंय."

तिनं सांगून टाकलं. ओहायोतल्या जुन्या शाळेत नाताळनंतर जागा होती, आज आईमार्फत कळवायचं होतं. सकाळपासून होकार ओठांवर होता. या गावात तिला कुणी साधं कॉफीलाही बोलावलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा.

"घ्या," तो हळूच म्हणाला. "मी ढवळतो."

त्यानं चमचा धरला. बोटांना बोटं लागली... तिनं चमचा सोडला नाही. दुसऱ्या हातानं फोन उचलून खांद्याशी धरला.

"आई, त्यांना नाही म्हणून कळव... अगं, बरी आहे मी. शेगडीवर मैदा आहे, मग बोलते."

आर्लन तिच्याकडे बघतच राहिला. "मैद्यासाठी राहिलीस?"

राहिलीस... तिला हसू आलं.

"काल जेवणाआधी आभार मानायला बसले, तर समोर कुणीच नव्हतं. म्हणून आज मानते. हटकलंस, फार बरं केलंस, आर्लन."

"रोज हटकायचं होतं. पण मास्तरीणबाईंना काय बोलायचं, सुचायचंच नाही. तुझ्या खिडकीकडे बघत नुसतं जाळं दुरुस्त करायचो... चांगलं असलेलंसुद्धा."

या ओल्या, परक्या गावाचे तिनं मनोमन पुन्हा आभार मानले.

"ढवळ," तो पुटपुटला, "करपेल."

ती ढवळू लागली. चमच्यावरचा त्याचा हात मात्र त्यानं काढला नाही, आणि तिनंही काढू दिला नाही.