कोंबावरची लाळ

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या वनप्रयोगशाळेत अच्युत रेगे हिरड्याच्या खोडाची पातळ चकती दंशवाचकाखाली, झाडाला कोणी चावलं ते सांगणाऱ्या यंत्राखाली, सरकवत होता. त्याची बायको मृदुला जाऊन वर्ष उलटलं होतं. ही रोपं तिच्या अभ्यासातली, कुंपण नसलेल्या, म्हशी चरतात त्या उतारावरची. तिथे ती कित्येक पावसाळे सहकारी निरंजन भोसेकरबरोबर हिंडली. अच्युत इथे हे यंत्र बनवत बसला.

"काय निघालं?" निरंजनने दारातूनच विचारलं.

"म्हैस. दर वर्षी कोंब आला की खाल्ला. कुंपणातले हिरडे डोक्यावर गेले, हे गुडघ्याएवढेच राहिले."

"अहवाल तपासणारी समिती विचारेल, कोयत्याने छाटले नाहीत कशावरून?"

"कोयत्याला लाळ नसते. लाळ लागली की झाड वेगळं रसायन सोडतं. कोणाची लाळ, तेही खोडातल्या त्या वर्षाच्या कड्यात बंद होतं." अच्युतने दुसरी चकती उचलली. "काही चकत्यांत माणूस आहे."

निरंजन हसला. "मृदुला! हिरडा की बेहडा कळेना की कोंब चावून बघायची."

"तिचा दात घासायचा ब्रश मी टाकलेला नाही. त्यावरून जुळवलं. पण त्याच चाव्यात आणखी एक माणूस आहे. पुरुष. एकच कोंब दोघांनी चावायचा?"

"वेडा झालास?"

"या नळीत थुंक."

"तोंडावर थुंकत नाही, हे उपकार समज," म्हणत निरंजन नळीत थुंकला.

यंत्र घरघरलं. जुळलं नाही.

"मग आणखी कोण यायचं तिच्याबरोबर?"

"कोणी नाही. स्वतःची तपासलीस?"

"त्या उतारावर मी कधी पाऊलही टाकलं नाही."

"थुंक."

त्याचं तोंड बंद करायला अच्युत थुंकला. पडद्यावरच्या दोन्ही रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या.

मग निरंजन स्टुलावर टेकला.

"तिचा थर्मास," तो म्हणाला. "सकाळी तू अर्धा चहा तसाच ठेवून यंत्राकडे पळायचास ना? तो ती थर्मासमध्ये ओतून आणायची. रोपांपाशी बसून आधी तो प्यायची, मगच कोंब चावायला घ्यायची. मी कप पुढे केला तर म्हणायची, हा नको, उष्टा आहे."

त्या अर्ध्या कपावरून ती रोज कुरकुरायची. अच्युतला वाटायचं, ती तो मोरीत ओतते.

"तुला एक घोटही दिला नाही?"

"थेंब नाही." निरंजन खिडकीबाहेर बघत राहिला. "फार जळायचो मी तुझ्यावर. अजून जळतो."

अच्युतने सालीलगतचं, शेवटचं कडं यंत्राखाली घेतलं. ती गेल्यानंतरच्या पावसाळ्याचं. त्यात फक्त म्हैस होती.