मेलेल्या गड्याचं कुलूप

दर हिवाळ्यात कुणीतरी मला हे सांगायला बसवतंच. सातवीत शाळा सोडलेला माणूस मी, गोड बोलणं मला जमत नाही. ऐका आणि वाटेला लागा.

सडबरी शहराजवळच्या एका निकेल खाणीत माणसांचा पिंजरा, म्हणजे खाणीतली लिफ्टच, वरखाली नेणारा प्रोग्राम मी लिहिला होता. त्यात बरेच थ्रेड. एकाच वेळी राबणारे गडीच समजा. पिंजरा किती खोल आहे त्याचा आकडा एकच, म्हणून त्याला कुलूप. खाणीत ज्यानं कुलूप लावलं त्यानंच काढायचं. तोच नियम मी यंत्राला शिकवला. लावणारा मेला, तर कुलूप पुढच्या गड्याला मिळतं, पण बजावून: धनी मेलाय, आधी त्याचं अर्धवट काम नीट कर. तसंच सोडलंस तर ते पुन्हा कुणालाच मिळणार नाही.

एका दुपारी प्रोग्राममधला सात नंबरचा गडी आकडा लिहिता लिहिताच मेला. पिंजरा मध्येच लटकला. आत तिघं, त्यातला एक माझा जावई तोइवो.

मी पडद्यासमोर, मागं इंजिनीअर लाव्हीन उभा. "सगळं बंद करून चालू कर की, म्हाताऱ्या!"

"चुकीच्या आकड्यावर ओढलं तर पिंजरा खाणीच्या माथ्यावरच्या दोराच्या चाकावर आपटेल. जावई माझा आहे, तुझा नाही."

"मग खरा आकडा टाक!"

"कुठून आणू? अर्धाच लिहिलाय..."

कुलूप आता माझ्या दुरुस्तीच्या गड्याकडे होतं. पंख्यांची घरघर, तापलेल्या तारांचा वास. मी कीबोर्डवरून हात वर उचलले... आणि पडद्यावर आकडा पुरा होऊ लागला. एकेक अंक, सावकाश, दमलेल्या माणसानं लिहावा तसा. शेजारी लिहिणाऱ्याचा नंबर उमटला. सात.

"तूच टाकलास..." लाव्हीन पुटपुटला. "अंदाजानं. तीन जिवांवर जुगार खेळलास, जुगाऱ्या..."

"माझे हात बघ..."

त्यानं बघितले नाहीत. मी 'नीट झालं' असं कळवून कुलूप सोडलं. पिंजरा अलगद वर आला, बरोबर उंबऱ्याशी थांबला. मी टोपी काढली. चर्चमध्येही मी ती काढत नाही.

तोइवो बाहेर आला, पांढराफटक. "मामा, घंटा कुणी दिली? तीन टोल... माणसं आहेत, जपून घ्या."

बाकीच्या दोघांनीही ऐकले होते. त्या खाणीतली घंटा कुणीतरी कधीच काढून नेली होती, मी तिथं कामाला लागायच्याही आधी.

मला जुगारी म्हणणाऱ्याची माफी अजून यायची आहे. नाव ऐकून ठेवा: गास्तों लाव्हीन.