हद्दखूण

विशेष दलाच्या निवडीची तयारी करून घेणाऱ्या त्या अकादमीत नव्यानं आलेल्या मुलींची पहिल्या सकाळी तीन मापं घेत: उंची, वजन आणि हद्द. पहिल्या दोन मापांना एक मिनिट पुरे. तिसऱ्याला दुपार होई. डोक्याला पट्टा बांधून मुलीला पडेपर्यंत चालवायचं, आणि ती पडली की मेंदूच्या एका कोपऱ्यात उमटलेली बारीकशी खूण पडद्यावर मोजायची.

ओवी पिसाळची खूण तिसऱ्या वर्षीही पुढे सरकायला तयार नव्हती.

ओवी सव्वीस वर्षांची. विशेष दलाच्या निवड-शिबिरातून दोनदा परत आलेली. यंदाची खेप शेवटची, पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हती. दोन्ही वेळा ती एकाच जागी गळाली. तिथं पंचवीस किलोचा पिट्टू पाठीवर देतात आणि चालायला सांगतात. किती, ते सांगत नाहीत. कुणी दहा तासांत सुटतं, कुणी चौथ्या दिवशी. ओवी दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याच्या कडेला बसली होती. पाय शाबूत होते. बसली एवढंच.

अठ्ठावीस दिवस उरले

"तुझे पाय थकत नाहीत," डॉक्टर फिरोज मुलाणी म्हणाले. अकादमीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची प्रयोगशाळा होती. "माणूस पडतो तेव्हा स्नायूत अजून तिसरा हिस्सा ताकद असते. पाडतो तो मेंदू."

"का पाडतो?"

"भीतीनं. त्यानं एक नोंद ठेवलेली असते, आजवर सगळ्यांत जास्त काय सोसलं याची. तिच्याजवळ आलं की तो दार लावून घेतो. तिला आपण हद्दखूण म्हणतो. तुझी खूण जवळ आहे, कारण तुझं आयुष्य बरं गेलं."

"बरं?" ओवी हसली. "उस्तादांनी ऐकलं तर आजचा सरावाचा रगडा दुप्पट करतील."

हद्दखूण एका मेंदूतून वाचून दुसऱ्यात ठेवता येते, हे कळून सहा वर्षं झाली होती. आठवण जात नाही, वेदना जात नाही. जाते ती फक्त मोजपट्टी. घेणाऱ्याच्या मेंदूला वाटतं, यापेक्षा वाईट आपण पाहिलंय. आणि तो दार उघडं ठेवतो. गेल्या वर्षी ओवीला सैन्यातल्या एका निवृत्त नाईकाची खूण दिली होती. तिचा थोडा उपयोग झाला.

"नाईकांना बर्फातल्या ठाण्यावर माहीत होतं की नव्वद दिवसांनी सुटका आहे," मुलाणी म्हणाले. "त्या खुणेला शेवट ठाऊक असतो. तुला शेवट ठाऊक नसलेल्या माणसाची पाहिजे."

"असं कोण असतं?"

मुलाणींनी कोरा अर्ज तिच्यापुढे सरकवला. मग ओवीलाच सुचलं.

अर्जातला एक रकाना

दात्याचे नाव: शलाका प्रणीत पिसाळ. वय: अडतीस.
घेणारीशी नाते: भावजय.
दात्याने काय सोसले: पती मानेखाली लुळे. आठ वर्षे. एकटीने.
दात्यावर होणारा परिणाम (बेचाळीस दात्यांच्या तपासणीनुसार): काही नाही.

सव्वीस

सराव घेणाऱ्या उस्तादांचा एक नियम होता. खूण घ्यायच्या आधी दात्याच्या घरी जायचं आणि एक दिवस त्याचं काम करायचं. नाईकांकडे ओवीनं गुलाबांना पाणी घातलं होतं आणि त्यांच्यासाठी सुपारी कातरली होती.

या खेपेला ती पाटणजवळ आपल्याच घरी गेली. प्रणीतदादा पवनचक्कीच्या मनोऱ्यावरून पडला त्याला आठ वर्षं झाली होती. माणसं उचलायची यंत्रं तालुक्याला होती, पण ती यांच्या दारातून आत जात नव्हती. ठेवलेल्या बाया महिन्याभरात सोडून जात.

पहाटे पाच. दादाला कुशीवर वळवलं. पाठ पुसली, पावडर लावली.
सहा. लघवीची पिशवी रिकामी केली.
सात. पेज, चमच्यानं. दादा म्हणाला, "कमांडो होणार म्हणे, आणि पेज सांडतेय."
साडेआठ. उलटी. चादर बदलली. पुन्हा पेज.
अकरा. उचलून खुर्चीत. एकसष्ट किलो. पिट्टू पाठीवर नीट बसतो, दादा निसटतो.
एक. खुर्चीतून खाली. पाठीवरचा लाल डाग केवढा आहे ते बघितलं.
तीन. वळवायचं राहिलं. वहिनीनं वळवलं.
चार.

चारला ओवी उंबऱ्याशी बसली होती. शलाकावहिनीनं तिच्यापुढे चहा ठेवला.

"काय वन्सं, झाली का परेड?"

"तू रोज कशी करतेस गं?"

"सकाळ होते. मग करते." वहिनी भिंतीला टेकली. तिच्याकडे बघितलं की वाटे, ही बाई टेकल्या टेकल्या झोपेल. "तुझे ते डॉक्टर काय नेणार माझ्याकडनं? थकवा नेतील का?"

"थकवा नाही नेत. मेंदूत एक रेघ असते, ती नेतात."

"न्यायला सांग. रेघा मला पुष्कळ झाल्यात."

आतून प्रणीतदादा म्हणाला, "माझी पण एखादी घ्या."

"तुमची नको," वहिनी म्हणाली. "तुम्ही आठ वर्षं नुसते झोपून आहात."

तिघंही हसली. मग वहिनी उठून त्याला वळवायला आत गेली.

एकोणीस

खूण घेतल्याच्या चौथ्या दिवशी ओवी पिट्टू घेऊन डोंगराला तीन वळसे घालून आली आणि चौथा घालू का म्हणून विचारायला उस्तादांपाशी गेली. त्यांनी तिची नाडी बघितली, तळपायाचे फोड बघितले.

"दुखत नाही?"

"दुखतंय की, उस्ताद."

"मग?"

"मग काही नाही."

बाकीच्या मुली पहाटे गार पाण्यात उतरताना ओरडत, ती सरळ उतरे. अंधाऱ्या खोलीत नुसतं बसवून ठेवायचा सराव होता, वेळ न सांगता. ती बसून राही. दार उघडलं की बाहेर येई. आनंदानं नाही, उघडलं म्हणून.

पंधरा. फोन

"ओवी, कामात आहेस का?"

"बोल ना वहिनी."

"यांना सकाळपासनं वळवलं नाही मी."

"बरं नाही का तुला?"

"चांगली आहे. हात उचलतायत. मघाशी पाण्याची कळशी भरून आणली. पण यांच्याजवळ गेले, हात मानेखाली घातला, आणि मला काही ते होईना. बसले खाली. पुन्हा उठले, पुन्हा तेच. शेजारची माणसं काल येऊन गेली, रोज कशी येतील?"

मागून प्रणीतचा आवाज आला. "तिला सांग, मला काही होत नाही. भिंत बघतोय."

"ओवी, मला सगळं आठवतंय. कधी काय केलं, कसं केलं. पण मला ते कसं जमत होतं गं?"

चौदा

मुलाणींनी बेचाळीस दात्यांचे कागद पुन्हा काढले. दुपारभर ते एकेक वाचत राहिले. मग त्यांनी ओवीला बोलावलं.

"खूण वाचायची म्हणजे ती उघडावी लागते. उघडलेली खूण दात्याच्या मेंदूत पुन्हा घट्ट बसत नाही. पुसट होते, मग जाते. हे आम्हाला कळायला हवं होतं."

"परिणाम काही नाही असं लिहिलं होतं."

"बेचाळीसच्या बेचाळीस निवृत्त होते. पेन्शनीत. खूण गेल्यावर त्यांच्यापैकी कुणाला काही उचलावंच लागलं नाही. एक जण गुलाब लावतो. एक जण नातवाला शाळेत सोडतो." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आमच्यासाठी सोसलेलं माणूस म्हणजे सोसून मोकळं झालेलं माणूस. अजून सोसतंय असं कुणी यादीत कधी नव्हतंच. तिच्या मेंदूला आता वाटतंय की त्यानं असं काही कधी केलेलंच नाही. पहिल्या दिवशीचं माणूस आहे ते."

"तिची खूण परत तयार होईल?"

"होईल. पहिल्या वेळी आठ वर्षं लागली."

"माझ्यातली काढून तिला द्या."

"देता येईल, अजून आठ दिवसांत. नंतर ती तुझ्यात कायमची मुरेल. पण दिलीस तर तुझ्यात काहीच उरणार नाही, तू शिबिरात पहिल्या सकाळीच पडशील. आणि तिची सही लागेल."

ओवीनं तिथूनच फोन लावला. मुलाणींना पलीकडचं ऐकू येत होतं.

"नको," वहिनी म्हणाली. "परत नको मला."

"अगं पण दादा..."

"ऐक. मी आठ वर्षं काय उचलत होते ते मला आत्ता दिसलं. तेव्हा दिसत नव्हतं, नुसतं होत होतं. ते उचलू शकणारी बाई मला पुन्हा व्हायचं नाही. मला रडू येतंय चार दिवस, किती वर्षांनी. ते मला राहू दे." तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. "पण यांना कोण वळवणार, ते तू सांग."

सात

खूण परत ठेवायच्या मुदतीचा अजून एक दिवस होता. वहिनीनं सही केली नव्हती. गावातली माणसं आळीपाळीनं येत होती, कधी येत नव्हती. प्रणीतच्या पाठीवरचा डाग फुटला होता.

मुलाणी ग्राउंडवर आले तेव्हा ओवी कडेला बसून पायाच्या बोटांना चिकटपट्ट्या लावत होती. इतर मुली थोड्या पुढे पिट्टू तोलत होत्या.

"ठरवलंस का?" मुलाणी तिच्याशेजारी बसले. "ती खूण तुझ्यातच राहणार. म्हणजे दादाला रोज उचलू शकेल असं माणूस घरात आता तूच आहेस. शिबिर सोडायचं असेल तर मी कागद करतो."

"विचार केला, सर. रोज करते. शिबिर सुटलं तर काय, असं मनात आणून बघते. सोसेल असं वाटतं. तीन वर्षं वाया गेली, सोसेल. मग दादा मनात आणते. तो तसाच पडलाय, पाठ चिघळलीय."

"मग?"

"तेही सोसेल असंच वाटतं."

"कुणाला सोसेल? तुला, का त्याला?"

ओवीनं पट्टी दातानं तोडली. तिनं खरोखरच विचार केला. तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं. "ते वेगळं काढता येत नाहीये. आधी येत होतं. आधी त्याचं काही ऐकलं की उठून घरी जावंसं वाटायचं. आता आतून कुणीतरी म्हणतं, एवढंच ना."

मुलाणींना याचं शास्त्र माहीत होतं आणि तरी ते त्यांना आधी दिसलं नव्हतं. माणूस एखादी गोष्ट सोडून दुसरीकडे जातो, ते पहिली गोष्ट सहन होत नाही म्हणून. तापल्या तव्यावरून हात काढतो, घर सोडतो, नोकरी सोडतो, कुणाच्या तरी मदतीला उठतो. मेंदूतली ती खूण फक्त पाय थांबवत नसते. ती माणसाला जागचं हलवतही असते. आणि दुःख कुणाचं आहे हे तिला ओळखता येत नाही. स्वतःचं आणि दुसऱ्याचं ती एकाच पट्टीवर मोजते. शलाका आठ वर्षं एकाच गोष्टीपाशी बसली होती ती बहुधा तिची खूण फार दूर सरकल्यामुळेच. तिला लोक फार मायाळू म्हणत.

"तुला राग येतोय का माझा?" त्यांनी विचारलं. यावा अशी त्यांची इच्छा होती.

"नाही, सर."

उस्तादांनी ग्राउंडच्या मध्यावरून नावं पुकारायला सुरुवात केली. पिसाळ म्हटल्यावर ओवी उठली, पिट्टू चढवला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. त्याआधी मुलाणी नुसतं "घरी जा" म्हणाले असते, तर ती तितक्याच शांतपणे एस. टी. स्टँडकडे गेली असती. तिच्या बाजूला बसल्या बसल्या हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण त्याच दुपारी त्यांना शिबिराला तिचा अहवाल पाठवायचा होता, आणि इतका चांगला अहवाल अकादमीतून आजवर गेला नव्हता.

ते अहवाल लिहायला शेडकडे निघाले. पुढे रांग चालू लागली.